गजाली मारता येतात? मग वाचूनही दाखवता येईल: गावात नव्या आईबापांचा वर्ग कसा घ्यावा

तान्ह्या बाळांना पुस्तक वाचून कसं दाखवावं, याचा पहिला वर्ग मी चार वर्षांपूर्वी घेतला तेव्हा सहा बायका आल्या होत्या. देवगड तालुक्यातलं आमचं गाव, अंगणवाडीची खोली, आणि मी मोठ्या थाटात पाऊण तास मेंदूच्या वाढीवर बोलले. दोघी पेंगल्या. एकीने निघताना चपला घालता घालता सांगितलं, "बाय, वाचूक येता माका. पण घरात सगळ्यांच्या समोर मोठ्यान वाचूक लाज वाटता."

माझ्या पाऊण तासात या लाजेवर एक शब्द नव्हता.

आपल्याकडे बोलायला कुणाला शिकवावं लागत नाही. खळ्यात बसून तास तास गजाली चालतात, एकच हकिकत तीन माणसांच्या तीन आवाजांत सांगितली जाते. पण त्याच माणसाच्या हातात पुस्तक दिलं की तो शाळेत फळ्यापुढे उभा केल्यासारखा ताठ होतो आणि एका सुरात वाचून मोकळा होतो. तेव्हा वर्ग घ्यायचा तो ही लाज मोडायला. बाकीचं आईबापांना निम्मं येतच असतं.

तुम्ही अंगणवाडी सेविका असाल, आशाताई असाल, वाचनालय सांभाळत असाल किंवा माझ्यासारखी नुसतीच एक आई असाल, तर पुढचं तुमच्यासाठी.

१. वेळ कॅलेंडर बघून नाही, गाव बघून ठरवा

मार्च ते मे आमच्याकडे वर्ग नाही म्हणजे नाही. आंब्याच्या दिवसांत बागेत आणि पेट्या भरायला अख्खं घर लागतं. शेतीच्या वाडीत लावणीचे दिवसही सोडा. बंदरावरच्या वाडीचं मात्र उलट. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, त्यामुळे एरवी कधी हाताला न लागणारे बाप त्या दोन महिन्यांत घरी असतात. बापांचा वर्ग तेव्हाच घ्यावा. गणपतीत चाकरमानी येतात, पण पहिले दोन दिवस कुणाच्या वाटेला जाऊ नका. गौरी गेल्यावर एखादी दुपार मिळते.

दिवसातली वेळ दुपारी तीन ते पावणेचार. जेवणं, भांडी आटोपलेली असतात आणि संध्याकाळची घाई सुरू व्हायची असते. पंचेचाळीस मिनिटांच्या वर एक मिनिट नको.

पहिल्या वर्षी मी लसीकरणाच्या दिवशीच वर्ग ठेवला. सगळ्या आयाबाया एकत्र असतात, आयती गर्दी मिळेल, असा हिशेब. सुई टोचलेली नऊ बाळं एका खोलीत काय करतात ते सांगायला नको. त्या दिवशी जायचं ते फक्त आमंत्रण द्यायला.

आणखी एक गोष्ट यादी करताना लक्षात ठेवा. पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे गावातली सून सातव्या-आठव्या महिन्यात निघून जाते आणि मुंबई-पुण्याला दिलेली लेक इथे येते. ‘आठ भागांचा अभ्यासक्रम’ वगैरे आखलात तर तिसऱ्या भागाला पहिल्यातलं कुणी नसेल. म्हणून दर महिन्याला एकच, स्वतंत्र वर्ग. कुणी पहिल्यांदा आलेली असो की पाचव्यांदा, तिला घरी जाऊन लगेच काहीतरी करता आलं पाहिजे.

२. लागणारं सामान

- दहा-बारा चित्रपुस्तकं. निम्मी जाड पुठ्ठ्याची. दोन-तीन नुसत्या चित्रांची, शब्द नसलेली.
- दोन-तीन पांढऱ्या कागदांवर काळ्या स्केचपेनने काढलेल्या ठसठशीत आकृत्या: वर्तुळं, पट्टे, डोळे असलेला मासा. अगदी तान्ह्यांसाठी.
- प्रत्येकी अडीच किलो तांदळाच्या दोन कापडी पिशव्या आणि दोन जुने टॉवेल. कशाला ते पुढे येईल.
- सतरंजी, पाण्याचा तांब्या, एक वही.
- घट्ट झाकणाचा डबा, पुस्तकं ठेवायला.

प्रोजेक्टर नको, बॅनर नको. बॅनर लावला की लोक सरकारी कार्यक्रमाला आल्यासारखे मागे बसतात.

पुस्तकं कुठून आणायची? नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तकं स्वस्त असतात. ज्योत्स्ना प्रकाशन आणि प्रथम बुक्स यांची चित्रं चांगली असतात. प्रथम बुक्सने २०१५ साली स्टोरीवीव्हर हे व्यासपीठ सुरू केलं, त्यावर मराठी गोष्टी फुकट मिळतात आणि मुक्त परवान्याखाली असल्यामुळे छापूनही घेता येतात. छापून घेतलीत तर स्टेपलरची पिन मारू नका, सुईदोऱ्याने शिवा. बाळ पुस्तक तोंडात घालणारच आहे. लॅमिनेशन केलंत तर चारी कोपरे कात्रीने गोल करा, नाहीतर ते डोळ्यापाशी लागतात.

तालुक्याच्या वाचनालयात जरूर विचारा. वाचनालयांच्या बाबतीत कोकण काही मागासलेलं नाही: रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ पासूनचं. पण ग्रंथपालाला "तान्ह्या बाळांसाठी पुस्तकं हवीत" म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर फाटलेली पानं येतात. मला एका ठिकाणी चक्क "मूल पहिलीत गेलं की या" असं सांगितलं. वाद घालू नका. नोंदवहीतून काढून टाकलेली, कव्हर सुटलेली जुनी पुस्तकं मागा. ती मिळतात, आणि फाटली तरी कुणाच्या पोटात दुखत नाही.

गरोदर बाईच्या हातात नवं कोरं पुस्तक ‘बाळासाठी’ म्हणून देऊ नका. बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी काही घ्यायचं नाही, असं आपल्याकडे बऱ्याच घरांत पाळतात. मी दिलेलं पुस्तक एका सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी हसत हसत परत आणून दिलं. तेव्हापासून मी "वाचून आणून दे" म्हणते. उसनं पुस्तक कुणालाच खटकत नाही.

३. सुरुवातीला मोठ्यांनाच वाचून दाखवा

प्रस्तावना नाही, स्वतःची ओळख नाही. सगळ्या टेकल्या की पुस्तक उघडायचं आणि वाचायला लागायचं. पाच मिनिटं. लाजू नका, कारण तुम्ही लाजलात तर खोली लाजली. कावळा आला तर कावळ्यासारखं ओरडा, होडी हलली तर अंग हलवा.

मोठ्या माणसांना शेवटचं कुणी वाचून दाखवलेलं असतं ते शाळेत, बहुतेकदा धडा म्हणून. मजा म्हणून ऐकल्यावर चेहरे सैल होतात. मग विचारा, "लहानपणी गोष्टी कोण सांगायचं?" इथे जी उत्तरं येतात ती तुमच्या भाषणापेक्षा कामाची. कुणाची पणजी, कुणाचे मामा, कुणाच्या घरी काजूच्या बिया भाजताना भुताच्या गोष्टी. त्यांना सांगा: असंच, फक्त मधे पुस्तक धरायचं.

मागे बसलेल्या आजीला पुढे बोलवा. तिला वाचता येत नसेल तर शब्द नसलेलं पुस्तक द्या आणि "काय चाललंय यात?" म्हणून विचारा. आमच्या एका आजींनी एका पानावरच्या कोंबडीचं लग्न लावून दिलं, मानपानासकट. ज्या आयांना वाचनाचा सराव नाही त्यांना यानंतर वेगळं समजवावं लागत नाही. चित्र बघून बोलणं हेसुद्धा वाचून दाखवणंच, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

४. तांदळाच्या पिशवीवर तालीम

गरोदर बायकांना मांडीवर बाळ नसतं, आणि रिकाम्या मांडीवर वाचायला विचित्र वाटतं. म्हणून अडीच किलो तांदूळ. जवळपास नव्या बाळाचं वजन. टॉवेलात गुंडाळून कोपरात घ्यायचं आणि दुसऱ्या हातात पुस्तक. पहिल्यांदा हसू येतं, ते येऊ द्या. दुसऱ्या मिनिटाला त्यांना कळतं की पान उलटायला तिसरा हात लागतो. मग आपसूक शोध लागतात: कुणी गुडघा उभा करून पुस्तक टेकवते, कुणी कुशीवर आडवी होते. मला या युक्त्या एका पुस्तकातही सापडल्या नव्हत्या.

दोघी-दोघींच्या जोड्या करा. एकीने वाचायचं, दुसरीने ऐकायचं, मग उलट. सगळ्या जोड्या एकाच वेळी वाचायला लागल्या की खोलीत कलकलाट होतो आणि कलकलाटात लाज वाटत नाही. एकेकीला पुढे बोलावून वाचायला लावू नका. ती पुन्हा वर्गाला येत नाही.

गेल्या पावसाळ्यातली एक आई. सात महिन्यांचा मुलगा मांडीवर. समुद्रकिनाऱ्याचं पुस्तक ती बातम्या दिल्यासारखी वाचत होती: "हा खेकडा आहे. खेकडा वाळूत राहतो." मुलगा पंख्याकडे बघत होता. पान उलटलं, खेकड्याचं मोठं चित्र आलं, आणि ती एकदम म्हणाली, "अगो, ही तर कुर्ली! डेंगो बघ केवढो! चावतलो हां तुका!" आणि बोटांचा चिमटा करून त्याच्या पोटाला लावला. मुलगा पंखा विसरला. पुढची सात-आठ मिनिटं त्या एका पानावरून दोघं हलली नाहीत. मी काही बोलले नाही. बाकीच्या बायका बघत होत्या, तेवढं पुरे होतं.

५. कुठल्या वयाला काय सांगायचं

पोटात असताना. "पोटातल्या पोराक काय कळतला?" हा प्रश्न दर महिन्याला येतो, आणि तो बरोबर आहे. अर्थ काहीच कळत नाही. पण साधारण सहाव्या महिन्यानंतर आवाज पोचायला लागतो आणि सगळ्यात स्पष्ट पोचतो तो आईचा, कारण तो तिच्या अंगातूनच जातो. १९८६ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात आयांनी शेवटचे सहा आठवडे रोज दोनदा एकच गोष्ट मोठ्याने वाचली. जन्मल्यावर त्या बाळांनी चोखण्याची लय बदलून तीच गोष्ट ऐकणं पसंत केलं, दुसऱ्या बाईच्या आवाजात असली तरीही. म्हणजे चाल ओळखीची झाली होती. एवढंच सांगा, याच्या पुढे एक पाऊलही जाऊ नका. पोटातलं बाळ त्याने हुशार होतं वगैरे आश्वासनं विकणारे खूप आहेत. महागडे संच घेऊ नका, पोटाला स्पीकर लावू नका. वर्तमानपत्र वाचा, लाडवाची कृती वाचा, ओवी म्हणा.

पहिले तीन महिने. बाळाला वीस ते तीस सेंटिमीटरवरचं नीट दिसतं, म्हणजे पाजताना आईच्या तोंडापर्यंतचं अंतर. काळी-पांढरी चित्रं तेवढ्यावर धरायची. दोन मिनिटं पुष्कळ झाली. या दिवसांत बाळंतीण घराबाहेर पडत नाही, तेव्हा तुम्हीच तिच्याकडे जा. शेकशेगडी, आंघोळ यांच्या वेळा टाळून.

चार ते आठ महिने. पुस्तक तोंडात जातं. आया ओशाळतात, "खाऊन टाकता बाय, वाचूक देत नाय." त्यांना सांगा, या वयाचं वाचन असंच असतं. एक पुस्तक चावायला द्या, एक तुम्ही धरा.

नऊ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत. बोट दाखवणं सुरू होतं. इथे एक सापळा आहे आणि शिकलेले आईबाप त्यात हमखास पडतात: परीक्षा. "हे काय आहे? सांग. सांग ना. काल तर सांगितलं होतंस." मुलाने पुस्तक ढकललं की म्हणतात, याला आवड नाही. प्रश्न विचारा, पण उत्तर तुम्हीच द्या आणि पुढे चला. "खंय गेलो कावळो? हंयसर बसलो!" मुलाने नुसतं बघितलं, हुंकार दिला, पान फटकावलं, तरी त्याची पाळी झाली. विचारल्यावर मनात पाच अंक मोजायचे, मग बोलायचं. हे पाच अंक शांत बसणं मोठ्यांना सगळ्यात अवघड जातं. वर्गात तालीम करून घ्या.

दीड ते तीन. एकच पुस्तक पन्नास वेळा. कंटाळा येतो, मलाही यायचा. मी दोन पानं एकदम उलटायचे आणि पकडली जायचे. ओळीतला शेवटचा शब्द गाळून थांबलात तर मूल तो भरतं, त्यात तुमचाही वेळ बरा जातो. गोष्टीच्या शेवटी तात्पर्य सांगायची सवय मोडा. आपल्याला फार असते ती.

मूल पाच-सहा महिन्यांचं झालं तरी आवाजाच्या दिशेने वळत नसेल, दचकत नसेल, तर थांबू नका, आशाताईंना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत येतात, त्यांच्याही कानावर घाला. वाचून दाखवण्याचा हा एक फायदा कुणी फारसा सांगत नाही: ऐकू येत नसेल तर आईच्या ते लवकर ध्यानात येतं.

६. पुस्तकाची मराठी आणि घरची बोली

"आम्ही घरात मालवणीच बोलतो, मग मुलाला शुद्ध मराठी कशी येणार?" हा प्रश्न बहुतेक बापांचा. रत्नागिरीकडे संगमेश्वरी असेल, मुस्लिम घरांत कोकणी असेल, काळजी तीच. माझं म्हणणं असं: ओळ छापलेली वाचा, गप्पा घरच्या बोलीत मारा. ‘मासा’ वाचा आणि ‘मासो’ म्हणून दाखवा. मुलाला दोन्ही शब्द मिळतात. ज्या भाषेत तुम्ही रागावता आणि लाड करता तीच काढून घेतली तर उरतो तो बातम्यांचा आवाज, मघाच्या खेकड्यासारखा. इंग्रजी पुस्तक असेल तर चित्रं तीच, गोष्ट आपल्या भाषेत. इंग्रजी शाळेत जाईल तेव्हा शिकेल.

बोलीतली पुस्तकं फारशी मिळत नाहीत, म्हणून एका वर्गात पुस्तक बनवून घ्या. मोबाइलवर घरातले फोटो काढायचे: रोवळी, आडाळो (विळी), गुरांचा गोठा, आजोबांचा चष्मा, दारातली मांजर. दहा फोटो छापून, जाड पुठ्ठ्यावर चिकटवून, दोऱ्याने शिवायचे. खाली घरातलाच शब्द लिहायचा. आमच्या वर्गात बाकी सगळी पुस्तकं एकीकडे आणि ही घरची पुस्तकं एकीकडे.

७. बाप लांब असतील तर

मुंबईत, बोटीवर, आखातात. त्यांना पुस्तकाच्या पानांचे फोटो पाठवा आणि गोष्ट आवाजात पाठवायला सांगा. इकडे आई पुस्तक मांडीवर धरते, बाबांचा आवाज लावते, पानं उलटते. फोन उताणा नको, पालथा ठेवायचा, म्हणजे मुलाचं लक्ष पडद्याकडे जात नाही. व्हिडिओ कॉलवर वाचलं तरी चालतं. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको असं म्हणणारी भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनासुद्धा घरच्यांशी कधीमधी केलेला व्हिडिओ कॉल त्यातून वगळते. गोष्टींचे व्हिडिओ लावून देणं ही मात्र वेगळी गोष्ट, ते वाचून दाखवणं नव्हे.

जून-जुलैत बापांचा वर्ग घेताना त्यांना खोलीत बोलावू नका, तुम्ही जाळ्यापाशी जा. हात जाळं विणत असतात, तोंड मोकळं असतं. एका खलाशाने मला विचारलं, "वाचूक गावता, पण काय वाचू?" मी होडीचं पुस्तक दिलं. त्याने पहिल्याच पानावर चित्रकाराची चूक काढली, नांगर चुकीच्या बाजूला आहे म्हणून, आणि मग मुलीला सगळ्या होड्यांची नावं सांगत बसला. पुस्तक सहा पानांपलीकडे गेलं नाही. चालतं.

"माका वेळ खंय गावता?" असं म्हणणाऱ्यांना वेगळी वेळ काढायला सांगू नका. दिवसातल्या एका ठरलेल्या कामाला वाचन बांधून द्या: तेल लावून झाल्यावर, दिवेलागणीला, किंवा भात शिजेपर्यंत. पावसात वीज गेली की पाठ झालेली पानं अंधारातच म्हणायची. मुलांना ते फार आवडतं.

८. पावसाळा, वाळवी आणि वही

आपल्याकडे पुस्तकांना मुलांपेक्षा हवेची भीती जास्त. जूनमध्ये उघड्यावर राहिलेलं पुस्तक ऑगस्टमध्ये बुरशीने भरतं. घट्ट झाकणाचा डबा, तो जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर, आणि ऊन पडलं की पुस्तकं बाहेर. ओलावा शोषणाऱ्या त्या छोट्या पुड्या डब्यात ठेवायच्या असतील तर पुस्तकं मुलांकडे जाण्याआधी मोजून काढून घ्या. खाडीकाठी राहत असाल तर डबा माळ्यावर. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणमध्ये चिखलात गेलेली पुस्तकं ज्यांनी पाहिली त्यांना हे सांगावं लागत नाही.

वहीत तीनच रकाने ठेवा: कुणी नेलं, कुठलं नेलं, कधी परत आलं. दंड नाही. ‘किती वाचलं’ हा रकाना मी एकदा ठेवला होता. सगळ्यांनी रोज वीस मिनिटं लिहिलं, एकीने तर बाळंत झाली त्या दिवशीसुद्धा. तो रकाना काढून टाकला. आता पुस्तक परत आलं की कोपरे बघते. चावलेले असले तर नावापुढे बरोबरची खूण करते आणि दुसरं देते.